फाउंडेशनच्या करारातले शब्द कोणी उलगडून सांगेल का? नागपूरची छोटी संस्था, पहिलंच मोठं अनुदान

सायंशाळा · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पूर्व नागपुरातल्या तीन वस्त्यांमध्ये आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. ११० मुलं, शिकवणाऱ्या पाच ताई, एक अर्धवेळ हिशेबनीस आणि बिनपगारी सचिव म्हणजे मी. नऊ वर्षं दिवाळीच्या आधी पावतीपुस्तक काखेत मारून धरमपेठ-रामदासपेठ पालथी घालायची आणि जमेल तेवढ्यावर वर्ष काढायचं, असं चाललं. यंदा मुंबईच्या एका फाउंडेशनने वर्षभरासाठी १२ लाख मंजूर केल्याचा मेल आला. ताईंनी पेढे वाटले. मग मी सोबतचा करार उघडला. २३ पानं.

इंग्रजी वाचता येतं, पोस्टात नोकरी झाली आहे. पण शब्द ओळखीचे आणि अर्थ परका असं झालंय. रिस्ट्रिक्टेड ग्रँट, ट्रान्श, इनडायरेक्ट कॉस्ट, यूसी, लॉगफ्रेम, नो-कॉस्ट एक्स्टेन्शन. ट्रान्शचा अर्थ कोशात ‘काप’ निघाला, मला पपईच आठवली. दहा दिवसांत सही करून पाठवायचंय. यातले शोभेचे शब्द कुठले आणि पुढे जाऊन चावणारे कुठले, एवढं सांगा.

निवृत्त_गुरुजी · रात्री १०.०५

अभिनंदन! पण ‘अनुदान’ या शब्दावर जाऊ नका. अनुदानित शाळेत ३१ वर्षं काढली मी. आमच्या लेखी अनुदान म्हणजे एकदा लागलं की लागलं, सरकार पगार देत राहणार. विनाअनुदानितवाल्यांना विचारा, २० टक्क्यांचा टप्पा मिळाला तरी गुलाल उडतो. फाउंडेशनवाल्यांचं तसं नसतं, वर्ष संपलं की रामराम. ट्रान्श म्हणजे तोच टप्पा असावा असं वाटतं.

हिशेबाची_वही · रात्री १०.३०

गुरुजी, जवळपास. टप्पा अनुदानात टक्का वाढत जातो. ट्रान्शमध्ये ठरलेली रक्कमच हप्त्याहप्त्याने येते. (सीए आहे, सीताबर्डीत ऑफिस, वीसेक संस्थांची ऑडिट करतो.)

सायंशाळा, आधी डोक्यातून ‘देणगी’ काढा. धरमपेठेतल्या काकूंनी पाच हजार दिले, तुम्ही ऐंशी-जीची म्हणजे करसवलतीची पावती दिली, ३१ मेच्या आत दहा-बीडी हे देणग्यांचं विवरण भरून त्यांना प्रमाणपत्र पाठवलं, विषय संपला. पैसे तुमचे, वीजबिल भरा नाहीतर खडू घ्या. रिस्ट्रिक्टेड ग्रँटचे पैसे तुमच्या खात्यात असतात पण तुमचे नसतात. ठरलेल्या कामावर खर्च होतील तसे तुमचे होत जातात. न खर्चलेली रक्कम मी ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवतो, ती का, हे दरवर्षी एक तरी अध्यक्ष विचारतोच.

नागपूरकरांना हे परकं वाटायला नको. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला पैसे ठेवले, ते उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. विद्यापीठाला तेव्हा इतर गरजा नव्हत्या का? असतीलच. पण त्या पैशातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटच उभी राहिली. देणाऱ्याने हेतू लिहून ठेवला की घेणाऱ्याचे हात बांधले जातात. अनरिस्ट्रिक्टेड किंवा कोअर सपोर्ट म्हणजे हात मोकळे. तो कोणी दिला तर त्याचा फोटो ऑफिसात लावा, कारण फार कमी जण देतात.

सायंशाळा · रात्री १०.५५

हे वाचून जुनी जखम उघडी पडली. २०१९ मध्ये एका कंपनीने संगणकांसाठी दीड लाख दिले होते. तेव्हा भाडं तीन महिने थकलेलं, घरमालक दारात. मी त्यातून भाडं भरलं. मुलांच्याच जागेचं भाडं, चोरी थोडीच होती? त्यांचा माणूस पाहणीला आला आणि दहाऐवजी सात संगणक मोजून गेला. तीन संगणकांचे पैसे चेकने परत करावे लागले, पुन्हा त्यांनी दारात उभं केलं नाही.

हिंगणा_नाका · रात्री ११.१०

भाऊ, आमी बी हिंगण्याकडं दिव्यांग लेकरायचं केंद्र चालवतो. बाकी इंग्रजी गेलं उडत, पैसा कवा येते ते पान पाहा पयले. हप्त्यायचं शेड्यूल टाका इथं.

सायंशाळा · रात्री ११.२०

ताई आहे मी :) शेड्यूल असं: सहीनंतर ४० टक्के. त्यातले ७५ टक्के खर्च झाले की यूसी आणि अहवाल देऊन पुढचे ४०. उरलेले २० टक्के शेवटचा अहवाल आणि ऑडिट झालेली यूसी ‘स्वीकारल्यावर’.

हिंगणा_नाका · रात्री ११.४५

माफी ताई. आता आकडे मांडा. १२ लाखाचे ४० टक्के म्हंजे ४ लाख ८० हजार. तुमचा म्हयन्याचा खर्च लाखभर धरू. त्यातले ३ लाख ६० हजार सराले साडेतीन म्हयने. मंग सीएची यूसी, अहवाल, तिकडून चार शंका, हा फोटो नाई तो फोटो पाठवा. तवा हातात रायते १ लाख २० हजार, म्हंजे पाच आठवडे. आमाले दुसरा हप्ता अकरा आठवड्यानं भेटला. मधल्या सहा आठवड्याचे पगार कुठून देता?

अन् शेवटचे २० टक्के, २ लाख ४० हजार, हे तं आंधी आपल्या खिशातून खर्च करा अन् मंग मागा असंच हाय. मी घरातले दागिने गहाण ठेवले होते पतसंस्थेत. आतालोक कोणाले सांगतलं नोतं.

माजी_पीओ · बुधवार, सकाळी ७.१५

सगळा धागा वाचला. मुंबईत एका फाउंडेशनमध्ये आठ वर्षं प्रोग्रॅम ऑफिसर होते, आता मनीषनगरला परत आले आहे. म्हणजे ‘हा फोटो नाही, तो पाठवा’ म्हणणाऱ्यांपैकीच मी.

हिंगणा_नाका यांनी सांगितलं ते शब्दन् शब्द खरं. पण टेबलाच्या त्या बाजूची एक गोष्ट सांगते. तुमच्या प्रोग्रॅम ऑफिसरने तुमचा प्रस्ताव समितीपुढे भांडून मंजूर करून घेतलेला असतो. त्यालाही तुमचं काम बंद पडायला नकोय. करारातले बरेच आकडे टेम्प्लेटमधून आलेले असतात, त्यामागे कोणाचा हट्ट नसतो. सहीच्या आधी एका मेलवर बदलतात. सहीनंतर तेच बदलायचं तर दुरुस्तीपत्र, कायदा विभाग, दोन महिने. त्यामुळे दहा दिवस आहेत ते वापरा. पहिला हप्ता मोठा मागा, शेवटचा १० टक्क्यांवर आणा, आणि ‘अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत पुढचा हप्ता’ हे वाक्य घालून घ्या. अहवाल कधी द्यायचा याच्या तारखा करारात असतातच, पैसे कधी द्यायचे याची क्वचितच असते.

यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. एवढे मिळाले, एवढे या कामावर खर्च झाले, एवढे शिल्लक, असं सीएच्या सहीने. नो-कॉस्ट एक्स्टेन्शन म्हणजे जास्त पैसे नाहीत, फक्त मुदतवाढ. मुदत संपायच्या आधी मागायची असते, नंतर मागितली की ती माफी होते. आणि बजेटच्या ओळी बघा. बऱ्याच करारांत एका ओळीतले १० टक्क्यांपर्यंत पैसे दुसऱ्या ओळीत न विचारता हलवता येतात, त्याहून जास्त हलवायचे तर लेखी परवानगी. तुमच्याकडे तसं कलम नसेल तर प्रत्येक खडूच्या डब्यासाठी मेल करावा लागेल.

सायंशाळा · बुधवार, सकाळी ८.३०

कलम नाहीये! आता हे बघा. त्यांचा लॉगफ्रेम जोडलाय. आउटपुटमध्ये मी ‘११० मुलांची शैक्षणिक प्रगती’ लिहिलं तर लाल शाईत शेरा आला, हे आउटकम आहे म्हणून. फरक काय?

माजी_पीओ · बुधवार, दुपारी १.००

लॉगफ्रेम म्हणजे काय करणार, त्यातून काय बदलणार आणि ते कसं मोजणार याचा तक्ता. वर्ग २२० दिवस भरला, ११० मुलं आली, हे आउटपुट. तुम्ही केलंत ते. चौथीतली जी मुलगी जूनमध्ये शब्दांवर अडत होती ती मार्चमध्ये गोष्ट वाचते, हे आउटकम. तिच्यात झालं ते. ती दहावीपर्यंत शाळेत टिकते, तिची धाकटी बहीणही टिकते, हा इम्पॅक्ट. तो एका वर्षाच्या अहवालात कोणी लिहिला की मी पेन खाली ठेवून चहा घ्यायला जायचे.

मोजायचं कसं, तर नवं काही शोधू नका. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणातली वाचनचाचणी २००५ पासून चालत आली आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला फार वेळ लागत नाही, तुमच्या ताई करू शकतील. सुरुवातीला घेतली की बेसलाइन, शेवटी घेतली की एंडलाइन.

आणि तक्त्यात बेसलाइनची तारीख काय आहे तेही सांगा.

सायंशाळा · बुधवार, दुपारी १.२०

१५ जून.

माजी_पीओ · बुधवार, दुपारी १.२५

वाटलंच! मुंबईच्या कॅलेंडरवर केलंय. आपल्या विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, जून संपत आलेला असतो. १५ जूनला तुमची निम्मी मुलं आजोळी असतील. त्या दिवशी ५० मुलांची बेसलाइन घ्याल आणि मार्चमध्ये ११० मुलांची एंडलाइन, मग आकडे जुळवत बसाल. जुलैचा दुसरा आठवडा लिहा. लॉगफ्रेमच्या शेवटच्या रकान्यात गृहीतकं असतात. लोक तिथे ‘शासनाचं सहकार्य मिळेल’ लिहून मोकळे होतात. तुम्ही तिथे ऊन लिहा, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं लिहा. पुढे संख्या घटली तर तोच रकाना तुमच्या बाजूने बोलतो.

हिंगणा_नाका · बुधवार, दुपारी २.१०

आनंदवन काय लॉगफ्रेम भरून उभं राह्यलं का? तरी बी ऊन लिहाची आयडिया पटली आपल्याले.

रोखठोक_महाल · बुधवार, रात्री ८.००

एक विचारतो, राग मानू नका. समाजसेवा करायची तर ऑफिसचं भाडं, हिशेबनिसाचा पगार हे दुसऱ्याच्या पैशातून कशाला? मुलांसाठी आलेले पैसे सगळे मुलांवरच खर्च व्हायला हवेत. ओव्हरहेड कमी तेवढी संस्था चांगली, सरळ हिशेब आहे.

हिशेबाची_वही · बुधवार, रात्री ८.४०

हिशेब सरळ नाही, म्हणून तर मला काम मिळतं. हिशेबनीस नसेल तर यूसी कशावरून देऊ? मुलांच्या हजेरीपटावरून? ज्या संस्था मला ‘ओव्हरहेड शून्य’ सांगतात त्यांचा हिशेब कोणीतरी रात्री अकरा वाजता फुकट लिहीत असतो, आणि तो माणूस थकला की तीन वर्षांची व्हाउचर्स पिशवीत भरून माझ्याकडे येतात. आणि चार टक्के ओव्हरहेडवाली वाईट संस्थाही पाहिली आहे, वीस टक्केवाली उत्तमही.

सायंशाळाताई, तुमच्या करारात इनडायरेक्ट कॉस्ट, म्हणजे ऑफिस-हिशेबाचा हाच खर्च, किती धरलाय?

सायंशाळा · बुधवार, रात्री ९.०५

५ टक्के, म्हणजे ६० हजार. त्यांच्या मेलमध्ये लिहिलंय की कायद्यानेच तेवढी मर्यादा आहे. आमचं ऑफिसभाडं महिना ७ हजार, हिशेबनीस ८ हजार, ऑडिट २५ हजार.

हिशेबाची_वही · बुधवार, रात्री ९.५०

म्हणजे ८४ हजार, ९६ हजार आणि २५ हजार. एकूण २ लाख ५ हजार. पण हे सगळं या प्रकल्पावर टाकायचं नाही. संस्थेचा वर्षाचा खर्च २० लाख धरला तर हा प्रकल्प त्याचा ६० टक्के, म्हणून यातलेही ६० टक्के: १ लाख २३ हजार. १२ लाखांचे सव्वादहा टक्के. हा तक्ता एका पानावर करून पाठवा. ‘आम्हाला जास्त द्या’ म्हणण्यापेक्षा हे पान जास्त बोलतं. वस्तीतल्या वर्गखोल्यांचं भाडं यात धरू नका, तो थेट खर्च, वेगळ्या ओळीत.

कायद्याचं म्हणाल तर करारात तुमचा सीएसआर-१ नंबर, म्हणजे कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचा नंबर, मागितलाय का?

सायंशाळा · बुधवार, रात्री ९.५५

हो. पहिल्याच पानावर.

हिशेबाची_वही · बुधवार, रात्री १०.२०

मग हे नावाने फाउंडेशन असलं तरी पैसा कंपनीचा सीएसआर आहे, म्हणजे कंपनीला सामाजिक कामावर कायद्याने करावा लागणारा खर्च. कुटुंबाच्या संपत्तीतून चालणारं फाउंडेशन आपल्या मर्जीचं असतं. सीएसआर २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ खाली येतो, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या भाड्यावर नाही. फाउंडेशनचं ते धोरण असू शकतं, आणि धोरण बदलता येतं. हा गैरसमज इतका पसरलाय की कंपन्यांमधली माणसंही तो मनापासून बाळगतात.

बुटीबोरी_शिफ्ट · बुधवार, रात्री ११.३०

कंपनीत सीएसआरचं काम बघतो. बरोबर आहे, आमच्याकडेही वर्षभर हेच चाललं होतं, मग ऑडिटरने समजावलं. यूसीवर आम्ही एवढे अडतो त्याचंही कारण सांगतो. तुम्हाला पैसे दिले म्हणजे आमचा खर्च झाला असं कायदा मानत नाही. ठरलेल्या कामावर ठरल्याप्रमाणे वापर झालाय असं आमच्या सीएफओला (वित्तप्रमुखाला) लिहून द्यावं लागतं. ताई, तुमचा प्रकल्प ३१ मार्च ओलांडून पुढे जात असेल तर एकच प्रश्न विचारा: बोर्डाने याला ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मान्यता दिली आहे का? दिली असेल तर उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येतात. नसेल तर फेब्रुवारीत ‘लवकर खर्च करा’ असे फोन सुरू होतील. ते फोन मीच करतो.

निवृत्त_गुरुजी · गुरुवार, सकाळी ६.२०

एवढे व्याप करण्यापेक्षा सरळ कॉर्पस मागा. एकदाच २० लाख घ्या, मुदत ठेवीत टाका, व्याजावर शाळा चालवा. जमशेटजी टाटांनी इथे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल काढली आणि १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एंडोमेंट करून ठेवली. मिल गेली, तिथे मॉल आला. एंडोमेंट अजून विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतेय.

आणि माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो या ताईंना २ लाख देतो म्हणतो.

हिशेबाची_वही · गुरुवार, सकाळी १०.१५

गुरुजी, उदाहरण झकास. पण सीएसआरमधून कॉर्पस देता येत नाही, २०२१ पासून ते दार बंद आहे. कोणा व्यक्तीने द्यायचा तर ‘कॉर्पससाठी’ असं तिच्याकडून लेखी घ्या, आणि आयकर कायद्यात सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवा. नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले, पण आम्ही सगळे संस्थेच्या करमाफीच्या नोंदणीला अजून बारा-ए आणि देणगीदाराच्या सवलतीला ऐंशी-जीच म्हणतो.

भाच्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन झाला असेल तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी. मग एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं, त्याशिवाय एक डॉलरही नको.

निवृत्त_गुरुजी · गुरुवार, सकाळी १०.४०

अमेरिकन झाला मागच्याच वर्षी. बार्बेक्यू केलं होतं. राहू द्या मग.

माजी_पीओ · गुरुवार, सकाळी ११.३०

ताई, ड्यू डिलिजन्सची, म्हणजे संस्थेची कागदपत्रं तपासायची, यादी आली असेल ना? संस्थेची घटना, पीटीआरचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीचा) उतारा, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, बारा-ए, ऐंशी-जी, विश्वस्तांची नावं. चांगले प्रकल्प मी इथेच अडकलेले पाहिले. उताऱ्यावर एक अध्यक्ष, लेटरहेडवर दुसरेच.

सायंशाळा · गुरुवार, दुपारी १२.१०

अंगावर काटा आला. आमचे पहिले अध्यक्ष चार वर्षांपूर्वी वारले. विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवायचं, तो चेंज रिपोर्ट करायचा राहूनच गेला.

हिशेबाची_वही · गुरुवार, दुपारी १२.३०

९० दिवसांत करायचा असतो. आता विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा. फाउंडेशनला लपवू नका, दाखल केल्याची पोच जोडा. आणखी एक: करारात तुम्हाला कुठे ‘सेवा पुरवठादार’ म्हटलंय का, किंवा ‘शुल्क’ असा शब्द आहे का? असेल तर काढायला लावा, नाहीतर उद्या जीएसटीचा प्रश्न उभा राहील. भिंतीवर आभाराची पाटी लावायला हरकत नाही. जाहिरात नसेल तर नुसत्या नावावर कर लागत नाही, २०१९ चं परिपत्रक आहे.

सायंशाळा · पुढचा गुरुवार, रात्री ९.१५

मंडळी, करार आज कुरिअरने गेला. सोमवारी त्यांच्या प्रोग्रॅम ऑफिसरशी तासभर बोलले. पहिली दहा मिनिटं माझा आवाजच निघेना. मग वहीसाहेबांचं एक पानी कोष्टक पाठवलं आणि ते कोष्टकच बोलायला लागलं.

हप्ते आता ५०-४०-१०. पहिल्यातले ६० टक्के खर्च झाले की दुसरा मागायचा, म्हणजे तेव्हा हातात २ लाख ४० हजार असतील. ‘३० दिवसांत’ हे वाक्य त्यांनी ‘साधारणतः ३० दिवसांत’ असं करून घातलं. इनडायरेक्ट कॉस्ट १० टक्के झाली. एकूण रक्कम मात्र तीच, त्यामुळे टॅबलेटच्या ओळीतून ६० हजार कमी केले. बेसलाइन जुलैत गेली. ‘ऊन’ हा शब्द वाचून त्या हसल्या आणि मग ठेवला. ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मान्यता आहे, मेलवर लेखी घेतलं. १० टक्क्यांचं कलम मिळालं. व्याजाचं कलम माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अनुदानावर मिळालेलं बँकेचं व्याज प्रकल्पातच घालायचं किंवा परत करायचं, त्यावर त्या हलल्या नाहीत. म्हणून वेगळं बचत खातं उघडलंय.

चेंज रिपोर्टसाठी उद्या सिव्हिल लाइन्सला धर्मादायच्या ऑफिसात जायचंय. जुन्या अध्यक्षांचा मृत्यूचा दाखला त्यांच्या सुनेकडे निघाला, अभ्यासिकेच्या पहिल्या पावतीपुस्तकात ठेवलेला.

हिंगणा_नाका · रात्री ९.३०

५०-४०-१०! आमचा पुढचा करार ऑगस्टात हाय, तुमचं ते एक पानी कोष्टक धाडा मले. अन् पयला हप्ता पडला का सांगजा. पेढे नाई चालत, तर्री पोहे लागतीन.